पूल, ब्रिज, स्कायवॉक आणि नुसतं ‘वरून’

रेल्वे स्टेशनबाहेरच्या जिन्याशी एक काकू उभ्या होत्या. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, डोक्यावर अकराचं ऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, “दादा, हा स्कायवॉक कुठं उतरतो?” एकाने चालता चालताच सांगितलं, “सरळ गेलात तर कोर्टापाशी. मधला डाव्या हाताचा जिना घेतलात तर डेपोत.” काकू रेलिंग धरून चढायला लागल्या. मी मात्र त्यांच्या क्रियापदापाशी अडकलो. रस्ता जातो. वाट जाते, कधी फुटते. पूल आणि स्कायवॉक मात्र उतरतात. चढायचं आहे हे डोळ्यांना दिसतंच आहे, विचारायचं ते एवढंच, की बाहेर पडायला मिळणार कुठे.

काकूंच्या या चार शब्दांत स्कायवॉकची जवळजवळ पूर्ण व्याख्या आली. साध्या पुलाबद्दल असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण पूल पलीकडे उतरतो. ‘पलीकडे’ म्हणजे रुळांच्या पलीकडे, नाल्याच्या पलीकडे, हायवेच्या पलीकडे. स्कायवॉकला पलीकड नसते. तो रस्त्याला आडवा जात नाही, रस्त्याच्या डोक्यावरून त्याच्याबरोबर चालत राहतो आणि मधे मधे जिन्यांनी खाली पाय सोडतो. म्हणून ‘कुठं उतरतो’ हा प्रश्न त्याच्या बाबतीत खरा प्रश्न असतो. पूल ओलांडायचा, स्कायवॉकवरून चालायचं. मुंबई-ठाण्याच्या बोलीने हा फरक कुणी न शिकवता पकडला आहे, आणि माझ्या मते तो सरकारी कागदांपेक्षा चोख पकडला आहे.

महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी गेला तो 2008 पासून. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने त्या वर्षी जूनमध्ये वांद्रे पूर्वेला स्टेशनपासून कलानगरपर्यंतचा पहिला स्कायवॉक खुला केला. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास. कल्पना अशी होती, की लोकलमधून एका वेळी शेकड्यांनी उतरणारी गर्दी स्टेशनबाहेरच्या रिक्षा, फेरीवाले, बस आणि उभ्या गाड्यांच्या चिखलात उतरूच नये. रेल्वेच्या पुलावरून ती थेट पुढच्या पुलावर यावी आणि जिथे ती पांगते तिथपर्यंत वरूनच जावी. त्यानंतर बदलापूर, उल्हासनगर, कल्याणपासून विरार, बोरिवली, घाटकोपर, शीवपर्यंत असे छत्तीस स्कायवॉक उभे राहिले. पिवळे, निळे, हिरवे पत्रे आणि पॉलिकार्बोनेटची कमानदार छतं. काही वर्षं तरी ‘विकास’ या शब्दाचं चित्र काढायला सांगितलं असतं तर शाळकरी पोराने हेच काढलं असतं.

हे मुंबईने शोधलेलं नाही, हे उघडच आहे. जगभरात याची नावं मात्र इतकी वेगवेगळी आहेत, की नाव वाचूनच त्या गावाची नड कळावी. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये त्याला ‘स्कायवे’ म्हणतात. पहिला 1962 चा. तिथली थंडी हाडं गोठवणारी, म्हणून एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून दुसरीच्या दुसऱ्या मजल्यावर काचबंद, गरम केलेल्या बोगद्यातून जायचं. कॅनडातल्या कॅल्गरीची थंडीही तशीच, पण नाव अगदी हिशेबी: ‘प्लस फिफ्टीन’. रस्त्यापासून साधारण पंधरा फूट वर म्हणून प्लस फिफ्टीन. 1970 पासून वाढत गेलेलं हे जाळं आता सोळा किलोमीटरच्या घरात आहे, आणि तिथला माणूस ‘प्लस फिफ्टीनने आलो’ असं आपण ‘हार्बरने आलो’ म्हणावं तसं म्हणतो. त्याच देशातलं एडमंटन ‘पेडवे’ म्हणतं आणि त्यात भुयारी वाटाही धरतं. वर की खाली हा प्रश्नच त्या शब्दाने गैरलागू ठरवला. लंडनच्या सिटी भागात बार्बिकनच्या आसपास ‘हायवॉक’ आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेला तो भाग पुन्हा बांधताना गाड्या खाली आणि माणसं वर, असं नियोजनकारांच्या मनात होतं. 1960 च्या दशकात तर नव्या इमारतीला परवानगी देताना तिच्या अंगावरून जाणारी वाट बांधण्याची अट घालत. बहुतेक तुकडे एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. लोकांनी रस्त्यावरूनच चालणं पसंत केलं.

आशियात शब्द जास्त रंगतदार आहेत. चिनी भाषेत रस्त्यावरच्या पादचारी पुलाला ‘तियानछियाओ’ म्हणतात, सरळ अर्थ आकाशपूल. थाई भाषेत ‘सफान लॉय’, म्हणजे तरंगता पूल. जपानी ‘होदोक्यो’ मात्र रुक्ष, पायवाटेचा पूल, बस्स. हाँगकाँगमध्ये तर या पुलांनी शहराची जमीनच बदलून टाकली. 1965 मध्ये तिथल्या एका बड्या हॉटेलाला समोरच्या इमारतीशी जोडणारा पूल झाला तो गिऱ्हाइकांना दुकानांपर्यंत न्यायला. पुढे सेंट्रल भागात एकातून एक निघत गेलेल्या वाटा इतक्या झाल्या, की तास-तासभर रस्त्याला पाय न लावता फिरता येतं. 1993 मध्ये डोंगरउतारावर आठशे मीटरची सरकत्या जिन्यांची रांग त्यात येऊन मिळाली. तिथे हे चालतं याचं कारण थंडी नव्हे. दोन्ही टोकांना, आणि मधेही, कुठल्या ना कुठल्या इमारतीचं दार उघडतं. आपल्याकडच्या स्कायवॉकला हे दारच नाही. तो दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपासून हातभर अंतरावरून जातो, आतल्या माणसांच्या स्वयंपाकघरात डोकावतो, आणि सगळ्यांना पुन्हा खालीच उतरवतो. खिडक्यांना कायमचे पडदे लागले, एवढाच काय तो दोन्ही बाजूंचा संबंध.

अमेरिकेत ‘स्कायवॉक’ हा शब्द इमारतीच्या आतल्या टांगत्या सज्जांनाही लावत. 17 जुलै 1981 ला कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात संध्याकाळच्या नाचाच्या कार्यक्रमात असे दोन स्कायवॉक कोसळले आणि 114 माणसं मेली. चौथ्या मजल्याच्या उंचीवरचा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरच्यावर पडला आणि दोन्ही खालच्या गर्दीवर. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकच अखंड सळई दोन्ही सज्जांना पेलणार होती. करायला सोपं म्हणून तिचे दोन तुकडे केले गेले; खालचा सज्जा छताऐवजी वरच्या सज्जालाच लटकला आणि वरच्या तुळईच्या नटबोल्टांवर दुप्पट भार आला. आजही स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात हा धडा शिकवतात. तिथल्या एका पिढीला हा शब्द ऐकला की आकाश आठवत नसेल, ती रात्रच आठवत असेल.

आता आपल्या घरात येऊ. पूल या गोष्टीसाठी मराठी काही दरिद्री नाही. ‘पूल’ फारसीतून आला आणि इतका आपला झाला, की ‘पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं’ म्हणताना कुणाला तो परका वाटत नाही. ‘सेतू’ संस्कृत, भारदस्त, पूर्वी रामायणात राहायचा. आता समुद्रावर राहतो: वांद्रे-वरळीचा सागरी सेतू, शिवडी-न्हावाशेवाचा अटल सेतू. मांडवीवर पणजीतही एक अटल सेतू आहे. वांद्रे-वरळी आणि शिवडी-न्हावाशेवा या दोन्ही सेतूंवर पायी जायला मनाई आहे हे इथे नोंदवून ठेवतो. आणि तिसरा शब्द ‘साकव’. ओढ्यावर, वहाळावर टाकलेला माणसांपुरता पूल. आधी दोन माडांचे ओंडके, मग फळ्या, आता काँक्रीट, पण नाव तेच. कोकणात जिल्हा परिषदेच्या कामांच्या यादीत अजून ‘साकव दुरुस्ती’ असते आणि पावसाळ्यात ‘साकव वाहून गेला’ ही बातमी येते. संस्कृतात ‘संक्रम’चा एक अर्थ पूल असाच आहे आणि बंगालीतला ‘साँको’ याच कुळातला. पायी माणसाच्या पुलाला मराठीत खास, जुना, तीन अक्षरांचा शब्द होता. मुंबईने तो घेतला नाही. घेतला असता तर दादरला गर्दीच्या वेळी ‘मधल्या साकवावर ये’ म्हणालो असतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण ‘ब्रिज’ काय मूळचा दादरचा आहे?

सरकारने या पायी पुलासाठी ‘पादचारी पूल’ हा शब्द रूढ केला. स्टेशनवरच्या उद्घोषणेत तो रोज हजारदा ऐकू येतो, पाटीवर असतो (पुष्कळदा हिंदीच्या वळणाने ‘पुल’ असा ऱ्हस्व), बातमीत असतो. बोलण्यात मात्र नसतो. ‘मी पादचारी आहे’ असं कुणी म्हणतं का? माणूस पायी जातो, चालत जातो. पादचारी तो अपघाताच्या बातमीत होतो. रेल्वेचे कर्मचारी ‘एफओबी’ म्हणतात. प्रवासी म्हणतात ‘ब्रिज’, आणि मग त्याची खूण सांगतात: कल्याणच्या बाजूचा ब्रिज, मुंबईच्या बाजूचा, मधला, जुना, नवा, मिलिटरीचा. हा शेवटचा शब्द 2018 नंतरचा. 29 सप्टेंबर 2017 ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसं मेली. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवलीला पूल बांधून दिले, ते फेब्रुवारी 2018 मध्ये खुले झाले. पुलांना लोक अशीच नावं देतात. सीएसएमटीजवळच्या हिमालय पुलाला 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर काही जण ‘कसाब पूल’ म्हणू लागले होते, कारण हल्लेखोर स्टेशनातून त्यावरून बाहेर पडले. 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी तो पूल कोसळला तेव्हा बातम्यांत दोन्ही नावं फिरत होती.

‘स्कायवॉक’ला मराठी प्रतिशब्द सुचवला गेला ‘आकाशमार्गिका’. शब्द देखणा आहे. ‘आकाश’ जोडून शब्द करायची मराठीला सवयही जुनी: आकाशकंदील, आकाशपाळणा, आकाशवाणी. तरी तो रुजला नाही, आणि दोष लोकांच्या इंग्रजी प्रेमाचा नाही. अडचण ‘मार्गिके’त आहे. आज वर्तमानपत्रात मार्गिका म्हणजे मेट्रोची मार्गिका, रेल्वेची पाचवी-सहावी मार्गिका, रस्त्यावरची बसची मार्गिका. ‘आकाशमार्गिका’ वाचून वरून जाणारी मेट्रो डोळ्यांसमोर आली तर वाचकाला का हसावं? शिवाय जिन्याशी उभ्या काकूंना घाईत सांगायला तो शब्द फार लांब आहे. ‘उड्डाणपूल’ बघा. तोही इंग्रजीचं शब्दशः भाषांतरच, पूल कधी उडत नाही. पण मुंबईत केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल 1965 मध्ये झाला, पुढे 1995 नंतरच्या युती सरकारने पन्नासहून अधिक उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला, आणि रोजच्या बातम्यांनी तो शब्द घासून गुळगुळीत केला. तेवढ्यानेही तो लेखीच जास्त राहिला, बोलताना ‘फ्लायओव्हर’ निघतोच. पण निदान लेखी तरी जगला.

एखादा परका शब्द मराठीत किती मुरला हे तपासायची माझी एक घरगुती चाचणी आहे. त्याला विभक्ती लावून पाहायची. ‘टेबल’ला आपण ‘टेबलावर’ करतो, म्हणजे तो घरचा झाला. ‘प्लॅटफॉर्म’चा तर ‘फलाट’ होऊन ‘फलाटावर’ झाला, जातच बदलली. ‘स्टेशनावर’ म्हणणारी पिढी मात्र संपत आली, आता ‘स्टेशनवर’. ‘ब्रिजावर’ कुणी म्हणत नाही, ‘स्कायवॉकावर’ तर नाहीच. ‘स्कायवॉकवर’, ‘स्कायवॉकखाली’, ‘स्कायवॉकच्या जिन्यात’. शब्द पुल्लिंगी झाला (पूल, ब्रिज यांच्या पंगतीत बसून), अनेकवचन एकवचनासारखंच राहिलं, पण सामान्यरूपाचा टिळा काही लागला नाही. अर्थात अलीकडे आलेल्या बहुतेक इंग्रजी शब्दांचं हेच होतं, तेव्हा एकट्या स्कायवॉकवर राग धरण्यात अर्थ नाही.

उलट उदाहरण ठाण्याचं. पश्चिमेला स्टेशनबाहेर परिवहनच्या बसगाड्यांसाठी उंचावर मोठा चौथरा बांधला. त्या योजनेच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून झालं ‘सॅटिस’. आज ठाणेकर ‘सॅटिसवर ये’, ‘सॅटिसखाली थांब’ इतक्या सहज म्हणतात, की त्याचा पूर्ण अर्थ दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही, आणि कुणाचं अडतही नाही. कार्यालयातून आलेला शब्दही रुळतो, फक्त तो छोटा हवा आणि बोट दाखवायला समोर वस्तू हवी. बृहन्मुंबई महानगरपालिकेने 2025 च्या गुढीपाडव्याला मलबार हिलवर झाडीतून जाणारी 485 मीटरची लाकडी वाट खुली केली, तिचं नाव ‘निसर्ग उन्नत मार्ग’. ‘उन्नत’ हा शब्द उंच रस्त्यांसाठी, उंच मेट्रोसाठी सरकारी मराठीत आता पक्का झाला आहे. पण लहान मुलांना घेऊन तिकीट काढणारे पालक त्याला काय म्हणतात ते तिथे जाऊन ऐका. माझ्या कानावर आलं ते ‘ट्रेल’ आणि ‘तो जंगलातला स्कायवॉक’.

म्हणजे शब्द आता सरकू लागला आहे. त्याचा तिसरा अर्थ काचेचा. 2007 मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरून बाहेर काढलेला घोड्याच्या नालेच्या आकाराचा काचेचा ‘स्कायवॉक’ खुला झाला, हुआलापाई आदिवासींच्या जमिनीवर. पायाखाली काच, काचेखाली दरी. तेव्हापासून जगभरच्या पर्यटनखात्यांना त्याचं वेड लागलं. आपल्याकडे मेळघाटात चिखलदऱ्याला 407 मीटरचा स्कायवॉक सिडकोने हाती घेतला, आणि त्याच्या बातम्यांमुळे अमरावतीकडच्या माणसाला ‘स्कायवॉक’ म्हटलं की दरी आठवते, तर कल्याणच्या माणसाला मोबाईलची कव्हरं विकणारे. माझा इथे स्पष्ट आक्षेप आहे. ग्रँड कॅन्यनची वस्तू जिथून निघते तिथेच परत येते. ती वाट नव्हेच, तो काचेचा सज्जा. चिखलदऱ्याची दरीवरून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, तिला पलीकड आहे, तेव्हा तो पूल, फार तर झुलता पूल. दोन्हींसाठी मराठीत चांगले शब्द आहेत आणि दोन्ही ठिकाणी ‘स्कायवॉक’ केवळ तिकीट खपवायला आला आहे.

जुन्या अर्थालाही आता एक करडा रंग चढला आहे. ‘त्या स्कायवॉकने येऊ नकोस’ हे वाक्य संध्याकाळी सातनंतर अनेक घरांत मुलींना फोनवर सांगितलं जातं. दिवे गेलेले, मधे अर्धा किलोमीटर उतरायला जिना नाही, मागून पावलं आली तर जायचं कुठे? दिवसा उलट, स्टेशनजवळचा तुकडा फेरीवाल्यांनी इतका भरलेला, की खालची गर्दी वर हलवली एवढंच झालं. मी एकदा एका उपनगरातल्या स्कायवॉकच्या पायऱ्या मोजल्या, बेचाळीस भरल्या. ते स्वाभाविक आहे: रस्त्यावर वाहनांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची सोडायची, वर स्लॅबची जाडी, आणि पायरी पंधरा सेंटीमीटरची. गुडघे दुखणाऱ्याला बेचाळीस वर, बेचाळीस खाली. सरकता जिना होता, त्याच्या तोंडाशी साखळी होती. भारतीय रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शिकेतही पहिली पसंती रस्त्याच्या पातळीवरून सुरक्षित ओलांडण्यालाच आहे. वर चढवणं हा नाइलाजाचा उपाय. आपण नाइलाज आधी बांधला.

वांद्रे पूर्वेचा तो पहिला स्कायवॉक 2019 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नंतर पाडला गेला. अकरा वर्षांचं आयुष्य. गंमत अशी, की तो नसताना त्याची किंमत कळली. स्टेशनपासून कलानगरकडे, कोर्टाकडे, सरकारी कचेऱ्यांकडे जाणारे हजारो लोक पुन्हा त्या रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि पालिकेने तो नव्याने बांधायला घेतला. तेव्हा स्कायवॉक म्हणजे सरसकट पांढरा हत्ती, हेही खरं नाही. जिथे स्टेशनची दाट गर्दी एकाच दिशेने जाते तिथे तो चालतो. जिथे कुणाला कुठे जायचं आहे हे न विचारता खांब रोवले तिथे त्याच्यावर कबुतरं राहतात. दिल्लीचा आयटीओ चौकातला (2018) किंवा चेन्नईत मांबलम स्टेशन आणि टी नगरचं बस स्थानक जोडणारा (2023) पहिल्या प्रकारात बसणारे, कारण दोन्हींच्या टोकांना खरी गर्दी आहे.

कोशात नोंद करायची झाली तर मी अशी करीन: स्कायवॉक, पुल्लिंगी, रस्त्याच्या वरून त्याच्या लांबीने जाणारी, ठिकठिकाणी उतरणारी पायी माणसांची वाट. ओलांडण्यापुरता असेल तो पादचारी पूल. दरीवर काढलेला तो सज्जा. ‘आकाशमार्गिका’ कंसातसुद्धा नको.

आणि या सगळ्यांच्या आधी एक नोंद ‘वरून’ या शब्दाची करावी लागेल. लोकलमधून उतरलेला माणूस फोनवर ‘मी स्कायवॉकने येतोय’ असं क्वचित म्हणतो. तो म्हणतो, “खाली गर्दी आहे, वरून येतो.” दोन माणसांना एकमेकांचं स्टेशन माहीत असलं, की पूल, ब्रिज, स्कायवॉक, सॅटिस सगळे या तीन अक्षरांत मावतात. तुमच्या गावात, म्हणजे नागपुरात, कोल्हापुरात, मडगावात किंवा आणखी कुठे, अशा वाटेला बोलताना काय म्हणतात? पाटीवर काय लिहिलंय ते नको. फोनवर काय म्हणता, तेवढं लिहून कळवा.